मित्राचा संगणक दुरून हाताळताना या चुका टाळा

संगणकाची फारशी माहिती नसलेल्या मित्राला आपण दुरून मदत करतो तेव्हा फोन करतो, एखादे ॲप उघडायला लावतो आणि पडद्यावरचा क्रमांक विचारतो; भामटेही नेमके हेच करतात. एनीडेस्कसारख्या, दुसऱ्याचा संगणक किंवा फोन दुरून हाताळू देणाऱ्या ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. त्यामुळे सर्वांत गंभीर चूक जोडणी होण्याआधीच घडते, ती म्हणजे ‘लिंक पाठवतो, ती उघड आणि जे विचारेल त्याला हो म्हण’ असे सांगणे. हे वाक्य मित्राच्या अंगवळणी पडले, की उद्या एखाद्या परक्याने तेच सांगितले तरी त्याला खटकणार नाही. प्रत्येक परवानगी कशासाठी आहे हे सांगण्यात दोन मिनिटे जास्त गेली तरी चालतील. शिवाय फोन आपल्याकडून आला असेल, तर मित्राने तो ठेवून आपल्या नेहमीच्या क्रमांकावर उलट फोन करावा, असा आग्रह मी धरतो.

मित्राला ॲपचे नाव गूगलवर शोधायला सांगू नये, कारण निकालांच्या वर येणाऱ्या जाहिरातींत बनावट संकेतस्थळेही असू शकतात. दोघांकडेही विंडोज असेल, तर मायक्रोसॉफ्टचे क्विक असिस्ट हे दुरून मदत करण्याचे ॲप वापरावे. कंट्रोल, विंडोज आणि क्यू या कळा एकत्र दाबल्या की ते उघडते. त्यात मायक्रोसॉफ्ट खाते फक्त मदत करणाऱ्याला लागते. जोडणीसाठी मदत करणारा जो कोड तयार करतो आणि मित्र टाकतो, तो दहा मिनिटांतच निकामी होतो; म्हणून मित्राच्या पडद्यावर क्विक असिस्टची खिडकी उघडल्यानंतरच तो तयार करावा.

जोडणी झाल्यावर सर्वाधिक गोंधळ उडतो तो पडदा अचानक काळा झाल्यावर. नवा प्रोग्राम बसवताना विंडोज संमती मागते, ती चौकट सुरक्षेसाठी आपल्याला दाखवली जात नाही आणि आपण मात्र जोडणी तुटली असे समजून सगळे पुन्हा सुरू करतो. अशा वेळी चौकटीतले प्रोग्रामचे नाव मित्राला मोठ्याने वाचायला लावावे आणि ते योग्य असेल तरच त्याला ‘होय’ दाबू द्यावे. हा अडथळा नको म्हणून ती विचारणाच कायमची बंद करणे ही घोडचूक आहे, कारण आपण निघून गेल्यावर मित्राला सावध करणारे तिथे दुसरे फारसे काही उरत नाही.

मॅकवर पडदा दिसतो पण माउस हलत नाही, अशी तक्रार आली तर बहुधा पडदा दाखवण्याची परवानगी मिळालेली असते आणि ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे माउस-कीबोर्ड चालवू देण्याची, राहिलेली असते. ती दिल्यावर ॲप बंद करून पुन्हा उघडावे.

पासवर्ड बरोबर असूनही चालत नसेल, तर मित्राचा कीबोर्ड मराठीवर आहे का ते आधी पाहावे. खरे तर पासवर्ड त्यानेच टाकावा. बँकेचे पान आणि पासवर्डची वही जोडणीआधीच बंद करायला सांगावी, आणि क्लिपबोर्ड (कॉपी केलेला मजकूर जिथे साठतो ती जागा) दोन्ही संगणकांत सामाईक असू शकतो, म्हणून आपलाही पासवर्ड कॉपी करून ठेवू नये. दोघांनी एकाच वेळी माउस हलवला तर बाण भरकटतो; तेव्हा कोण काय करणार हे फोनवर बोलत राहावे. संगणक पुन्हा सुरू करण्यापूर्वीही सांगावे, कारण जोडणी तुटली की मित्र घाबरतो.

‘पुढच्या वेळी उपयोगी पडेल’ म्हणून कायमचा प्रवेश-पासवर्ड ठेवून देणे, किंवा विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप या दुरून संगणक चालवण्याच्या सोयीसाठी राउटरवर ३३८९ हे पोर्ट, म्हणजे जोडणीचे दार, इंटरनेटला उघडे करणे, दोन्ही टाळावे. काम संपल्यावर जोडणी मित्रालाच बंद करू द्यावी. आपण गेल्यावर ती कशी तोडायची हे त्याला त्यातूनच कळते. परक्याने कधी असा ताबा घेतलाच, तर मित्राने प्रथम इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि पैसे गेले असल्यास लगेच १९३० या सायबर गुन्हे मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी.