पॅकेज बसले, पण ॲप उघडेना

फोंड्यातील एका छोट्या कार्यालयात माझ्या वाट्याला आलेले पहिलेच काम संदेशांच्या ॲपचे डेब पॅकेज, म्हणजे डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींवर ॲप बसवण्याची फाइल, बांधण्याचे होते. चवथीच्या सुट्टीला चार दिवस उरले असताना मी ते डिचोलीतील एका संस्थेच्या संगणकावर बसवले. बसताना त्याने काहीच कुरकुर केली नाही, पण ॲप मात्र उघडेना. टर्मिनलवर एकच ओळ दिसली: ‘जीलिबसी २.३४’ सापडत नाही. संस्थेच्या लेखनिक बाई शेजारी उभ्या होत्या आणि मला उत्तर देता येत नव्हते, हे आजही आठवते.

जीलिबसी म्हणजे लिनक्सवरील जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामला लागणारी मूळ लायब्ररी. मी उबुंटू २२.०४ वर काम करत होतो, तेथे जीलिबसी २.३५ असते, त्यांच्या डेबियन ११ मध्ये ती २.३१ होती. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्राम नव्या जीलिबसीवर चालतो, उलट मात्र होत नाही, आणि २०२१ साली आलेल्या २.३४ मध्ये थ्रेडची (प्रोग्राममधील समांतर कामांची) वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत सामावली गेली तेव्हा प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाही नवा आवृत्तिक्रमांक मिळाला. त्यामुळे तुमच्या कोडमध्ये नवे काहीही नसले, केवळ ‘नमस्कार’ छापणारा चार ओळींचा प्रोग्राम असला, तरी नव्या यंत्रणेवर बांधल्यावर तो किमान २.३४ मागतोच. म्हणून ज्या सर्वांत जुन्या डिस्ट्रोला (लिनक्सच्या वितरणाला) आधार द्यायचा, तिच्याच कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या तिच्या वेगळ्या बंदिस्त वातावरणात, बांधावे आणि ऑब्जडम्प या साधनाने सिम्बॉलांची (प्रोग्राम बाहेरून मागतो त्या फंक्शन वगैरेंच्या नावांची) यादी काढून जीलिबसीचा सर्वांत मोठा आकडा तपासावा.

पॅकेज मुळात बसलेच कसे? अवलंबित्वांची, म्हणजे पॅकेजला लागणाऱ्या इतर पॅकेजांची, ओळ मी एका वरिष्ठांच्या सांगण्यावरून हाताने लिहिली होती. डीपीकेजी-शलिबडेप्स या डेबियनच्या साधनाला ती काढू दिली असती, तर आवश्यक आवृत्ती त्यात आपोआप आली असती आणि पॅकेजने बसण्यासच नकार दिला असता. वरिष्ठांचा मान जरूर ठेवा, पण ‘हाताने लिही, लवकर होईल’ हा सल्ला कोणाकडूनही घेऊ नका.

घाबरू मात्र नका. फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रोचे पॅकेज बांधणारे आरपीएम लागणाऱ्या आवृत्तीची हीच नोंद स्वतः करते. फक्त नावे बदलतात, डेबियनचे लिबएसक्यूलाइट३-० हे डेटाबेस लायब्ररीचे पॅकेज तेथे एसक्यूलाइट-लिब्स होते. फ्लॅटपॅक या वेगवेगळ्या डिस्ट्रोंवर चालणाऱ्या पॅकेज-प्रकारात रनटाइम (लागणाऱ्या मूळ लायब्ररींचा संच) सोबत येत असल्याने जीलिबसीचा प्रश्नच उरत नाही. तेथे सांभाळायचे ते जुन्या संदेशांना: फ्लॅटपॅक आपली माहिती होम फोल्डरमधील ‘.व्हार/ॲप’ मध्ये ठेवते, तेव्हा डेबवरून आलेल्या माणसाला सारे संभाषण पुसले गेल्यासारखे वाटते. ते हलवणारा कोड पहिल्या प्रकाशनाआधीच लिहून ठेवा.