पाला उदंड, बटाटे गोटीएवढे: घरच्या बागेत या चुका टाळा

कुंडीतून गुडघ्याएवढा हिरवागार पाला वर आलेला असतो, फुलंही येऊन जातात आणि शेवटी माती उपसली की हाताला लागतात गोटीएवढे चार बटाटे. घरी बटाटे लावणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. मग दोष मातीला दिला जातो, नाहीतर खत कमी पडलं असं म्हणून पुढच्या वेळी दुप्पट घातलं जातं. दुप्पट खताने पाला आणखी माजतो, एवढंच.

बटाटा हे मूळ नव्हे, खोड आहे. जमिनीखाली झाड आडवे धुमारे सोडतं आणि त्या धुमाऱ्यांची टोकं फुगून कंद होतात. त्यामुळे गाजर-मुळ्याचा अनुभव इथे कामाला येत नाही. खोड असल्याने उजेड लागला की ते हिरवं पडतं, आणि कंद धरतात ते बहुतेक लावलेल्या बेण्याच्या, म्हणजे लावणीच्या बटाट्याच्या, बरोबरीने किंवा वर, त्याच्या खाली नाही. पुढे सांगितलेल्या बऱ्याच चुकांचं मूळ हे विसरण्यात आहे.

बेण्यातच घोळ

स्वयंपाकघरात कोंब आलेला बटाटा दिसला की तो मातीत खोचायचा मोह होतो. उगवतोही बऱ्याचदा. पण खाण्यासाठी विकले जाणारे बटाटे टिकावेत म्हणून त्यांना अनेकदा कोंब दाबून ठेवणारी प्रक्रिया केलेली असते, आणि नुकताच काढलेला बटाटा तर काही आठवडे, जातीनुसार दोन-तीन महिनेही, सुप्तावस्थेत असतो. त्या काळात त्याला कितीही पाणी घाला, तो हलत नाही. त्याहून मोठी अडचण विषाणूंची. विषाणू असलेला कंद बाहेरून अगदी ठणठणीत दिसतो. त्याचं झाड मात्र खुरटं राहतं, पानं वळतात किंवा त्यांवर फिकट-गडद ठिपके उठतात, आणि मावा ही बारीक कीड तो रोग शेजारच्या झाडांवर नेते. प्रमाणित बेणं घ्या, हा सल्ला कंटाळवाणा असला तरी खरा आहे. हौसेने घरातलाच बटाटा लावायचा असेल तर वेगळ्या कुंडीत लावा, भाजीच्या वाफ्यात नको.

बेणं कापताना कंजुषी होते. डोळा आहे ना, मग पातळ चकतीही चालेल, असं वाटतं. पण पहिले काही आठवडे कोंब त्या तुकड्यातल्या साठ्यावरच जगतो. अंड्याएवढा बटाटा अख्खाच लावावा. मोठा असेल तर ४०-५० ग्रॅमचे तुकडे करावेत आणि प्रत्येकात निदान दोन डोळे ठेवावेत. कापलेला तुकडा लगेच ओल्या मातीत गेला की कुजतो. दोन-तीन दिवस सावलीत, वारा लागेल असा पसरून ठेवला की कापलेल्या बाजूवर कोरडी पापुद्र्यासारखी साल धरते. एका बटाट्यावरून दुसऱ्याकडे जाताना सुरी पुसून, निर्जंतुक करून घ्यावी. काही रोग सुरीवरूनच पसरतात.

अंधारात वाढलेले लांब पांढरे कोंब हात लागताच मोडतात. बेणं लावण्याआधी काही दिवस थेट ऊन नसलेल्या उजेडात ठेवलं तर कोंब आखूड, जाड आणि हिरवट-जांभळे येतात. ते एक-दोन सेंटीमीटरचे झाले की लावायचं.

तीन आठवडे झाले आणि काहीच वर आलं नाही, तर सगळं उकरत बसू नका. एकाच ठिकाणची माती बोटांनी बाजूला करा. तुकडा घट्ट असेल आणि कोंब हलला असेल तर थांबायचं. थंड मातीत महिनाही लागतो. लिबलिबीत होऊन वास मारत असेल तर पाणी जास्त झालंय किंवा निचरा नाही. कोंब फुटायच्या आधी बटाट्याला पाण्याची फार गरज नसते, आणि नेमकं तेव्हाच लोक रोज झारी घेऊन उभे असतात.

पाला भरपूर, खाली काही नाही

याची दोन कारणं प्रामुख्याने असतात. पहिलं, ऊब. कंद धरायला रात्री थंड लागतात. साधारण १५ ते २० अंश तापमान मानवतं. माती ३० अंशांच्या आसपास गेली की पाला वाढत राहतो, पण कंद धरणं जवळपास थांबतं. म्हणून लावणीची वेळ अशी साधावी की उगवणीनंतरचे दोन महिने तुमच्याकडच्या थंड हवेत जातील. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात तापते तेव्हा हवेचं तापमान ठीक असूनही आतली माती भाजत असते. दुपारी कुंडीच्या अंगावर हात ठेवून पाहा. चटका बसत असेल तर कुंडीभोवती गोणपाट गुंडाळा आणि वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन द्या. ऊन पाल्याला हवं आहे, कुंडीला नाही.

दुसरं कारण नत्र. पाला काळपट हिरवा, लुसलुशीत आणि लोळणारा असेल तर नत्र जास्त झालंय. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट लावणीच्या वेळी द्यावं, आणि नंतर नत्राचं खत फार तर पहिली भर लावताना, म्हणजे बुडाशी माती ओढताना. त्यापुढे हात आवरायचा. ताजं शेण तर नकोच. चुना आणि राख यांचाही सल्ला सर्रास दिला जातो, पण दोन्हींनी मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि तशा मातीत बटाट्याच्या सालीवर खरखरीत खपल्या धरण्याचा रोग बळावतो. बटाट्याला थोडी आम्ल माती चालते, ५ ते ६ सामूची.

भर लावण्यात आळस, किंवा अतिउत्साह

झाड वीतभर झालं की बुडाशी माती ओढायची, फक्त शेंड्याकडची पानं बाहेर ठेवून. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. ही भर नुसती आधारासाठी नसते. कंद वरच्या थरात फुगतात आणि फुगताना माती उचलतात. भेग पडली की उजेड आत जातो, बटाटा हिरवा होतो. त्याच भेगेतून बटाट्यावरचा पतंग उघड्या कंदावर अंडी घालतो आणि पुढे अळी आत बोगदे करते. जोराच्या पावसानंतर वरंबा जरूर बघावा. कुठे गुळगुळीत फिकट साल डोकावत असेल तर तिथल्या तिथे मूठभर माती टाकावी.

कुंडीत लावताना याचीच सोय आधी करून ठेवायची असते. काठोकाठ माती भरून लावलं की नंतर भर घालायला जागाच नसते. तिसरा भाग माती, त्यावर बेणं, त्यावर १० सेंटीमीटर माती, आणि झाड वाढेल तसं वर भरत जायचं. एका झाडाला निदान १२-१५ लिटर माती हवी. हे गणित न केल्याने एका बादलीत चार-चार तुकडे कोंबले जातात आणि चारही उपाशी राहतात.

आता उंच मनोऱ्याबद्दल. पिंपात किंवा टायरांच्या उतरंडीत माती चढवत गेलं की मजल्यामजल्याला बटाटे लागतात, असे फोटो सगळीकडे फिरतात. लवकर तयार होणाऱ्या बऱ्याच जाती एकाच थरात कंद धरतात आणि थांबतात. वर कितीही माती चढवा, कंदांचे नवे मजले निघत नाहीत. उशिरा येणाऱ्या काही जातींत थोडा फायदा होतो, पण फोटोत दिसतो तेवढा नाही. उलट एवढ्या उंचीत वरची माती कोरडी आणि तळाची चिखल, असं होतं. दीड फूट खोलीचं भांडं पुष्कळ झालं.

पाणी कधी तोडायचं

कंद धरू लागले, म्हणजे साधारण कळ्या दिसायच्या सुमाराला, की ओल तुटता कामा नये. तेव्हा माती सुकली तर कंद कमी धरतात आणि खपलीचा रोगही वाढतो. पुढे आठवडाभर कोरडं आणि मग एकदम भरपूर पाणी असं झालं की वाढ झटक्यात होते: कंदाला चिरा जातात, अंगाला गाठी फुटतात, किंवा कापल्यावर मधोमध तपकिरी कडांची पोकळी निघते. अशी पोकळी रोग नव्हे. तेवढा भाग काढून बाकीचा खाता येतो.

पाने पिवळी पडू लागली की मात्र पाणी कमी करत न्यावं आणि काढणीच्या दहा-एक दिवस आधी बंदच करावं. झाड सुकतंय म्हणून कळवळून पाणी घालणं हे या टप्प्यावर कंद कुजवायचं काम आहे.

कोमेजणं आणि करपणं

कंद भरण्याच्या आधीच झाड हिरवं असताना मान टाकत असेल आणि माती ओली असेल, तर संशय जिवाणूजन्य मरेचा घ्यावा. एक सोपी परीक्षा आहे. खोड बुडाजवळ कापून, त्याचा तुकडा काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात कापलेली बाजू खाली करून धरायचा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट धागे खाली उतरताना दिसले तर मर आहे. यावर औषध नाही. झाड मातीसकट काढून टाकायचं, अवजारं धुवायची आणि त्या जागी टोमॅटो, वांगी, मिरचीही बरीच वर्षं लावायची नाही.

थंड, दमट हवेत पानांवर पाणी शोषल्यासारखे काळपट डाग आणि सकाळी पानांच्या खाली पांढरट लव दिसली तर तो उशिरा येणारा करपा. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये दुष्काळ ओढवला तो याच्यामुळे, आणि तो आजही काही दिवसांत अख्खा वाफा काळा करतो. पानांवर पाणी मारणं थांबवा, लागण झालेला पाला बुडातून कापा, तो कंपोस्टमध्ये टाकू नका. लगेच खणायची घाई करू नका: दोन आठवडे थांबलं तर पृष्ठभागावरचे बीजाणू मरतात आणि काढताना कंदांना लागत नाहीत.

फुलं आलीच नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही. काही जाती फुलतच नाहीत, तरी कंद धरतात. फुलांनंतर छोट्या हिरव्या टोमॅटोसारखी फळं लागली तर ती विषारी असतात. घरात लहान मुलं असतील तर तोडून टाका.

काढणी आणि त्यानंतरची घाई

कोवळे बटाटे हवे असतील तर फुलांनंतर दोन-तीन आठवड्यांनी बुडाशी हात घालून मोजकेच काढता येतात, पण ते टिकत नाहीत. साठवायचे असतील तर पाला वाळू द्यायचा, कापायचा आणि पुढे दहा-पंधरा दिवस कंद मातीतच ठेवायचे. एक काढून अंगठ्याने चोळून पाहा. साल सुटून आली तर अजून वेळ आहे.

कुदळ झाडाच्या बुडातच मारली की सगळ्यात मोठा बटाटा हमखास चिरतो. फूटभर लांबून, माती कोरडी असताना, खालून उचलायचं. चिरलेले वेगळे काढून आधी खायचे. बाकीचे धुवायचे नाहीत. माती सुकली की हाताने झाडायची आणि अंधाऱ्या, हवेशीर जागी दोन आठवडे पसरून ठेवायचे, म्हणजे खरचटे भरून येतात. उन्हात वाळवायचे नाहीत. फ्रिजही नको. तिथल्या थंडीत स्टार्चची साखर होते, आणि असा बटाटा तळला की काळपट पडतो.

हिरव्या पडलेल्या बटाट्यात सोलानिन वाढलेलं असतं आणि ते शिजवून जात नाही. किंचित हिरवा असेल तर जाड साल काढून चालतो. जास्त हिरवा किंवा कडू लागणारा सरळ टाकायचा.

काढून झाल्यावर तीच माती एकदा पुन्हा चाळून घ्या. राहिलेले बारीक कंद पुढच्या हंगामात आपोआप उगवतात आणि आधीचा रोग सोबत आणतात. ते दिसताच उपटावेत, आणि त्या जागी पुढची तीन वर्षं टोमॅटो-वांग्याच्या कुळातलं काही लावू नये. शेंगभाज्या किंवा कांदा-लसूण तिथे खुशाल लावावेत.