जुनी गाडी कमी खर्चात खाली बसवायची असेल तर

सगळ्यात आधी एक सांगतो, स्प्रिंग गॅसने तापवून बसवू नका, स्टीलचं टेम्परिंग (उष्णतेने दिलेली मजबुती आणि लवचिकता) जातं आणि ती कधी तुटेल सांगता येत नाही. पैसे वाचवायचे तर चांगल्या अवस्थेतल्या सेकंडहँड लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंग) बघा, २५ ते ३० मिमी खाली बसली तरी गाडी मस्त दिसते आणि जुने शॉकअप गळत नसतील तर बहुतेक वेळा तेच चालतात. त्याहून खाली गेलात की गाडी बंपस्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शन शेवटपर्यंत दबल्यावर टेकतं त्या रबरी ठोकळ्यावर, आपटायला लागते.

काम सुरू करायच्या आधी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही बाजूंचं माप लिहून ठेवा. नुसत्या जॅकवर काम नको, स्टँड लावाच. आणि स्प्रिंग कॉम्प्रेसरने स्प्रिंग नीट दाबून ती हाताने गोल फिरायला लागली की मगच स्ट्रटचा (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या भागाचा) वरचा नट खोला, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते, इथे घाई अजिबात नको.

रबर बुश (सांध्यातली रबरी नळी) असलेले आर्मचे, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्यांचे, बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच फायनल टाइट करा, हवेत टाइट केले तर बुश पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) कराच, नाहीतर वाचवलेले पैसे टायरमध्ये जातात.