अपाचेचा व्हर्च्युअल होस्ट भलतेच पान दाखवत असेल तर

नाशिकच्या द्राक्ष बागायतदारासाठी तयार केलेले संकेतस्थळ आपल्याच संगणकावर 'द्राक्ष डॉट टेस्ट' या नावाने उघडताना भलतेच पान दिसत असेल, तर आधी सर्व्हरनेम (मांडणीच्या फाइलमध्ये संकेतस्थळाचे नाव सांगणारी ओळ) तपासावे, कारण मागितलेले नाव कुठेच जुळले नाही की अपाचे हा वेब सर्व्हर त्या पोर्टवरचा पहिला व्हर्च्युअल होस्ट, म्हणजे एकाच सर्व्हरवरील एका संकेतस्थळाची मांडणी, निमूटपणे पुढे करतो. 'अपाचेसीटीएल' ही आज्ञा कॅपिटल 'एस' (-S) पर्यायासह दिल्यास व्हर्च्युअल होस्टचा हा क्रम ओळ क्रमांकांसह दिसतो. त्या यादीत आपले नावच नसेल, तर अपाचेच्या मुख्य मांडणी फाइलमधील संबंधित इन्क्लूड (दुसरी फाइल जोडणाऱ्या) ओळीआधीचे, ती निष्क्रिय ठेवणारे # चिन्ह काढून सर्व्हर पुन्हा सुरू करावा. ब्राउझरला नावच सापडत नसेल, तर होस्ट्स फाइलमध्ये (नावे आणि पत्ते जुळवणारी संगणकावरील फाइल) १२७.०.०.१ या आपल्याच संगणकाच्या पत्त्यापुढे ते लिहावे. नावाला 'डॉट डेव्ह' जोडण्याचा मोह मात्र टाळावा. तिथे ब्राउझर एचटीटीपीएसचाच (सुरक्षित जोडणीचाच) हट्ट धरतो.