नोकरी सांभाळून एमए करताय? मग वर्गातले गृहपाठ असे बदला

हायस्कूलला शिकवता शिकवता पुढचं शिकायचं म्हटलं की स्टाफरूममध्ये सगळ्यात आधी हेच विचारतात, अहो मॅडम वेळ कुठून आणणार? माझं म्हणणं असं की वेळ वेगळा काढायला गेलात तर तो कधीच मिळणार नाही, अभ्यास आणि वर्ग एकमेकांत गुंतवा. रात्री जे वाचलं त्यातलं काहीतरी त्याच महिन्याच्या गृहपाठात आलं पाहिजे. मी नाशिकमध्ये नववीला इतिहास-भूगोल शिकवते, मुक्त विद्यापीठातून शिक्षणशास्त्रात एमए केलंय, आणि ह्याच पद्धतीने केलं म्हणून ते पूर्ण झालं.

आधी कागदपत्रं उरकून घ्या. प्रवेश घ्यायच्या आधी मुख्याध्यापकांमार्फत संस्थेकडे परवानगीचा अर्ज द्या, आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्याच. तोंडी 'करा की' वर विसंबू नका. माझ्या एका मैत्रिणीने तसं केलं आणि पुढे सेवापुस्तकात पदवीची नोंद करताना तिला वर्षभर हेलपाटे घालावे लागले. कोर्स दूरशिक्षणाचा असेल तर तो युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाच्या मान्यता यादीत आहे का ते स्वतः बघा, एजंटच्या शब्दावर फी भरू नका. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच गावात आहे, गंगापूर धरणाच्या वाटेवर, त्यामुळे नाशिककरांना काही अडलं तर सरळ जाऊन विचारता येतं, ही सोय फार मोठी आहे.

आता मुख्य गोष्ट. सगळ्या वर्गांवर एकदम प्रयोग करू नका. एक तुकडी घ्या, आठवी किंवा नववीची, दहावी अजिबात नको, तिथे मुलं आणि पालक आधीच बोर्डाच्या ताणात असतात. आणि महिन्याला एकच गृहपाठ बदला, बाकीचे नेहमीसारखे चालू द्या. नववीला सामाजिक शास्त्रात २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतातच, बदललेला गृहपाठ त्यातच बसवता आला तर बघा म्हणजे मुलांवर जास्तीचं ओझं पडत नाही.

गृहपाठ बदलायचा म्हणजे नेमकं काय, तर माझंच उदाहरण देते. मी आधी 'पुराची कारणे व परिणाम लिहा' असा प्रश्न द्यायचे आणि साठ वह्यांमध्ये डायजेस्टमधलं एकच उत्तर यायचं, शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा त्याच. एमएला ब्लूमच्या पायऱ्या, म्हणजे नुसतं आठवण्यापासून स्वतः विचार करण्यापर्यंतच्या शिकण्याच्या पातळ्या, शिकताना लक्षात आलं की माझे जवळजवळ सगळे प्रश्न पहिल्याच पायरीवर आहेत, आठवा आणि लिहा. मग मी प्रश्न असा केला: घरातल्या किंवा शेजारच्या एका मोठ्या माणसाला २००८ चा किंवा २०१६ चा गोदावरीचा पूर विचारा, पाणी दुतोंड्या मारुतीच्या (गोदेच्या पात्रातली मूर्ती, तिच्यावरूनच नाशिककर पुराची पातळी सांगतात) कुठपर्यंत आलं होतं, गुडघा, कंबर, छाती की त्याच्याही वर? ते त्यांच्याच शब्दात पाच ओळीत लिहा. मग वर्गात शेजारच्याचं उत्तर वाचा आणि दोघांच्या सांगण्यात फरक का पडला ते दोन ओळीत लिहा.

हे डायजेस्टमध्ये मिळत नाही, आणि घरात कुणालातरी विचारावंच लागतं. सातपूरहून येणारा एक मुलगा, वर्षभरात वही क्वचितच द्यायचा, तो अर्धं पान लिहून घेऊन आला. त्याची आज्जी तेव्हा नदीकाठी राहायची, पाणी ओसरल्यावर तिने दाराच्या चौकटीवर खिळ्याने खूण केली होती, १९६९ च्या पुराची, आणि २००८ ला ती त्याच खुणेकडे बघत बसली होती असं त्याने लिहिलं होतं. त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही, सगळ्यांना त्या खुणेबद्दल विचारायचं होतं. मग दुसऱ्या दिवशी क्युसेक शिकवायला मला पाच मिनिटं पुरली, सेकंदाला एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर, आता धरणातून दहा हजार क्युसेक सोडलं तर किती ते काढा. मुलांनी आपणहून गणित मांडलं.

इतिहासाला पण हेच करता येतं. नाशिकच्या पांडवलेणीतल्या तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, तिने आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, केवढं कौतुक कोरून ठेवलंय. 'सातवाहनांची माहिती लिहा' ऐवजी असं विचारा की आईने मुलाबद्दल लिहिलेल्या मजकुरातलं काय लगेच मान्य कराल आणि काय दुसरीकडे तपासून बघाल? नववीची मुलं ह्यावर तावातावाने भांडतात, आणि ते भांडण म्हणजेच इतिहासाच्या साधनांची चिकित्सा.

तपासण्याची पद्धत पण बदलावी लागते, इथेच बहुतेक जण थांबतात. शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासक रूथ बटलर यांचं १९८८ चं संशोधन मला अभ्यासात भेटलं, त्यात नुसते शेरे मिळालेल्या मुलांची प्रगती झाली आणि गुण अधिक शेरे मिळालेल्यांची तशी झाली नाही. माझाही अनुभव हाच, गुण दिसले की मुलाचं लक्ष शेऱ्याकडे राहतच नाही. म्हणून पहिल्या फेरीत गुण देऊ नका. दोनच ओळी लिहा, एक काय जमलं आणि एक पुढे काय करायचं, 'छान' आणि 'प्रयत्न कर' हे शब्द वापरू नका. मुलाने सुधारून दिलं की मग गुण. साठ वह्या एका रात्रीत होत नाहीत, रोज पंधरा ऑफ तासाला बघा, चार दिवसात होतात. पालकसभेत हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर वहीवर गुण नाहीत म्हणून फोन येतात.

आणि ह्या सगळ्याची नोंद ठेवा, कारण तुमचं कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गातल्या अडचणीवर उपाय करून बघून त्याचा लिहिलेला अहवाल, इथेच तयार होतं. गृहपाठ बदलायच्या आधी दहा मार्कांची छोटी पूर्वचाचणी घ्या, तीन महिन्यांनी तशीच उत्तरचाचणी. दर आठवड्याला वही किती जणांनी दिली आणि त्यात स्वतःच्या शब्दात किती जणांनी लिहिलं एवढे दोनच आकडे एका डायरीत टाका. वह्या परत द्यायच्या आधी पाच-सहा पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मुलांची नावं झाकून, आणि फोटोला तारखेचं नाव द्या. मी पहिल्या सत्रात हे केलं नाही आणि अहवाल लिहायच्या वेळी मे महिन्यात मुलांच्या घरी जाऊन जुन्या वह्या शोधल्या, तोपर्यंत निम्म्या रद्दीत गेल्या होत्या, त्या आज्जीच्या खुणेचं पानसुद्धा.