स्टेटस टाकण्याआधी बॅनर नीट वाचा

नागपूरकडच्या बेसा, जामठा, हिंगणा रोडच्या लेआऊटचं बॅनर बिल्डरकडून आलं की आपण एजंट लोक लगेच खाली स्वतःचा मोबाईल नंबर चिकटवतो आणि व्हॉट्सॲपला टाकतो. पण स्टेटस हीसुद्धा जाहिरातच आहे. प्रकल्पाचा महारेरा (महाराष्ट्राचं रिअल इस्टेट नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक (‘पी’ने सुरू होणारा) आणि महारेराची वेबसाइट ठळक दिसायला हवी. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे, तोही जाहिरातीच्या उजव्या वरच्या भागात. नेमका तिथेच आपण फोटो किंवा लोगो डकवतो आणि कोड अर्धा झाकला जातो. म्हणून बॅनर आधी घरच्या कोणाला पाठवा, त्यांच्या मोबाईलवरून स्कॅन करा. त्याच प्रकल्पाचं पान उघडलं तरच पुढे पाठवा.

आपला ‘ए’ने सुरू होणारा एजंट क्रमांकही टाकाच. मात्र तो प्रकल्पाच्या क्रमांकाची जागा घेत नाही, यात जुने लोकही गफलत करतात.

‘नोंदणी होऊनच राहिली आहे, तुम्ही बुकिंग घ्या ना भाऊ,’ असं बिल्डर म्हणाला तर थांबा. नोंदणी बंधनकारक असलेल्या प्रकल्पाची नोंदणीआधी जाहिरात रेरा कायद्याच्या कलम ३ नुसार चालत नाही. ‘एनआयटी आरएल’ (नागपूर सुधार प्रन्यासचं रिलीज लेटर) हातात असणं वेगळं, रेरा नोंदणी वेगळी.

आणि ‘मिहान (नागपूर विमानतळाजवळचा मोठा उद्योग प्रकल्प) ५ मिनिटांवर’ असं लिहिण्याआधी एकदा संध्याकाळी वर्धा रोडने गाडी चालवून बघा.