घरटं रिकामं का राहतं: बजी, कॉकटील आणि लव्हबर्डच्या पैदाशीतल्या अडचणी

बजी, कॉकटील, लव्हबर्ड या पाळीव छोट्या पोपटांची ‘जोडी सहा महिने एकत्र आहे, पिल्लं होत नाहीत’ एवढ्या माहितीवर कोणताच उपाय सांगता येत नाही. पैदास कोणत्या टप्प्यावर अडली ते आधी शोधावं लागतं. मादीने अंडीच घातली नाहीत, घातली पण कोरी (जीव न धरलेली) निघाली, आत जीव धरला पण पिल्लू बाहेर आलं नाही, किंवा बाहेर येऊन दगावलं, या चारही अडचणींची कारणं वेगळी असतात. नवखे लोक बहुतेक वेळा या सगळ्यांवर एकच इलाज करतात. घरट्याचं मडकं बदलतात, नाहीतर व्हिटॅमिनची बाटली आणतात.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. अंडं दिसलं की मऊ पेन्सिलीने त्यावर क्रमांक आणि तारीख हलक्या हाताने लिहा. मार्कर वापरू नका, शाई कवचातून आत झिरपते. बजी आणि कॉकटील साधारण एक दिवसाआड अंडं घालतात आणि बहुतेक माद्या दुसऱ्या-तिसऱ्या अंड्यानंतरच नीट बसतात. त्यामुळे दिवस मोजायचे ते बसण्याच्या तारखेपासून. बजीचं अंडं साधारण १८ दिवसांत फुटतं, कॉकटीलचं १८ ते २१ आणि लव्हबर्डचं २१ ते २३ दिवसांत. पहिल्या अंड्याच्या तारखेपासून मोजून ‘दिवस उलटले’ म्हणत जिवंत अंडी फेकली जातात. ही चूक वही ठेवली की आपोआप टळते.

अंडीच नाहीत

जोडी खरंच जोडी आहे का, हे आधी तपासा. बजीच्या मोठ्या नराची चोचीवरची मांसल पट्टी निळी असते, तयार मादीची तपकिरी आणि खरबरीत. मात्र ल्युटिनो, अल्बिनो आणि रिसेसिव्ह पाइड या रंगप्रकारांच्या नरांची पट्टी आयुष्यभर गुलाबी-जांभळी राहते आणि हेच नर मादी समजून विकले जातात. साध्या राखाडी कॉकटीलमध्ये पिसं एकदा गळून नवी आली की नराचा चेहरा पिवळा होतो, तर मादीच्या शेपटीखाली आडवे पट्टे राहतात. लव्हबर्डमध्ये मात्र डोळ्यांवर विश्वास नको. पीचफेस आणि फिशर या लव्हबर्डच्या जातींचे नर-मादी दिसायला सारखेच असतात. दोन माद्यासुद्धा एकमेकींना भरवतात, एकत्र घरटं लावतात आणि दोघी अंडी घालतात. घरट्याच्या पेटीत आठ-दहा अंडी जमली आणि सगळी कोरी असली तर पहिला संशय हाच घ्या. तीन-चार पिसं पाठवून डीएनए चाचणी करून घ्या, एक वर्ष वाया जाण्यापेक्षा ती स्वस्त पडते. पीचफेस आणि फिशरची जोडी लावू नका, त्यांची पिल्लं वांझ निघतात.

नंतर वय बघा. बजीला १० महिन्यांच्या आत पेटी देऊ नका. कॉकटील आणि लव्हबर्ड किमान वर्षाचे, शक्यतो दीड वर्षाचे हवेत. मादी लहान असली की अंडं अडकण्याचा धोका वाढतो.

वय बरोबर आणि जोडी खरी असूनही मादी पेटीकडे फिरकत नसेल, तर आहाराकडे बघा. बजी आणि कॉकटील मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातले. पाऊस पडून गवताला कोवळं, दुधाळ बी आलं की ते विणीला लागतात. नुसती कोरडी कांगणी-बाजरी त्यांच्या दृष्टीने दुष्काळच आहे. पेटी लावण्याआधी ३–४ आठवडे भिजवलेलं आणि मोड आलेलं धान्य, कोवळं मक्याचं कणीस, शेवग्याचा पाला आणि कोथिंबीर सुरू करा. धान्य रात्री ८–१० तास भिजवून तीनदा धुवायचं, मोडाचं टोक दिसलं की द्यायचं आणि आंबूस वास आला तर टाकून द्यायचं. उकडलेलं अंडं कुस्करून बजीच्या जोडीला एक दिवसाआड एक चमचा द्या. पिल्लं झाल्यावर दिवसातून दोनदा. उन्हाळ्यात दोन-तीन तासांत ते उचलून टाका. सूर्यफूल मात्र कमी करा. चरबी चढलेली मादी अंडी घालत नाही, आणि घातलीच तर अडकवते.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस (कटलबोन) वर्षभर टांगलेला असावा. समुद्रकिनाऱ्यावर मिळालेला वापरणार असाल तर दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत राहून, कडक उन्हात वाळवा. पण कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं. बंद खोलीतल्या, काचेआडच्या पक्ष्याला ते उन्हातून मिळत नाही. सकाळचं थेट ऊन पिंजऱ्यावर येऊ द्या, अर्धा भाग सावलीत ठेवून.

पेटीचं माप सेंटिमीटरभर इकडेतिकडे झालं तरी फरक पडत नाही. बजीला २०×१५×२० सेंमी आणि ४.५ सेंमीचं भोक, लव्हबर्डला २०×२०×२५ आणि ५ सेंमी, कॉकटीलला २५×२५×३५ आणि ७ सेंमी. तळाला खोलगट खळगा मात्र हवाच. आपल्याकडचं मातीचं मडकं बजीला चालतं, पण आत बघता येत नाही आणि साफ करणं अवघड जातं. मागून झाकण उघडणारी लाकडी पेटी आम्हाला जास्त पसंत आहे. तळाला रंध्याचा भुसा दोन-तीन सेंमी टाका. करवतीचा बारीक भुसा नको, तो श्वासात जातो.

मोठ्या पिंजऱ्यात पाच-सहा जोड्या असतील तर भांडणंच पैदास थांबवतात. जोड्यांच्या दीडपट ते दुप्पट पेट्या, सगळ्या एकाच उंचीवर, एकाच दिवशी लावा. उंचावरची पेटी सगळ्या माद्यांना हवी असते. जोडीदार नसलेली एकटी बजी मादी आत ठेवू नका. ती दुसऱ्यांच्या पेटीत शिरून अंडी फोडते, पिल्लं मारते.

अंडी आहेत, पण कोरी

मादी नीट बसल्यावर सातव्या दिवशी अंधारात छोट्या एलईडी टॉर्चवर अंडं धरा. तांबड्या शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे. आतून एकसारखं पिवळट दिसलं तर कोरं. फक्त एक लाल कडं दिसलं तर जीव धरून सुरुवातीलाच मेला आहे. कोरं आणि कडं यांत गल्लत करू नका. पहिल्यात दोष जुळण्यात आहे, दुसऱ्यात बहुधा उबेत किंवा हाताळणीत.

कोऱ्या अंड्यांचं सर्वांत सोपं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे हलणारी दांडी. दांडी डुगडुगली की नराला पाय रोवता येत नाहीत. गुळगुळीत प्लास्टिकची दांडी काढा. पेरूची किंवा कडुनिंबाची फांदी, बजीला १२–१५ मिमी आणि कॉकटीलला २० मिमी जाडीची, दोन्ही टोकांना घट्ट आवळा. दाट पिसांच्या मोठ्या, प्रदर्शनासाठीच्या (शो) बजींमध्ये शेपटीखालच्या जागेभोवतीची पिसं थोडी कातरावी लागतात. नर पिसं गाळत असेल किंवा आजारातून उठलेला असेल, तर ती विण सोडून द्या.

जीव धरला, पिल्लू बाहेर आलं नाही

सर्वांत जास्त हळहळ इथेच वाटते, आणि सर्वांत जास्त शिकायला मिळतं तेही इथेच. अपेक्षित तारखेनंतर चार-पाच दिवस वाट बघा, मग अंडं बोथट बाजूने फोडून आत काय आहे ते बघा. पिल्लू ओलं, सुजलेलं आणि हवेची पोकळी लहान असेल तर दमटपणा जास्त झाला. कोकणात पावसाळ्यात हे हमखास होतं. पिल्लू आकसलेलं, पडदा चामड्यासारखा सुकून त्याला चिकटलेला आणि पोकळी मोठी असेल तर हवा कोरडी पडली. हिरवट, वास येणारं अंडं असेल तर जंतू शिरले. घाणेरडी पेटी किंवा ओल्या हाताने केलेली हाताळणी हे त्याचं नेहमीचं कारण.

कोरडेपणावर उपाय म्हणून पेटीत पाणी शिंपडू नका. उथळ थाळीत आंघोळीचं पाणी रोज ठेवा. पक्षी ओल्या छातीने अंड्यावर बसतात आणि हवा तेवढा ओलावा स्वतःच नेतात. दमट हवेत उलट करा: पेटी भिंतीपासून दोन बोटं सुटी टांगा, वरच्या बाजूला ६ मिमीची दोन-तीन छिद्रं पाडा आणि भुसा कोरडा ठेवा.

उन्हाळा हा वेगळा शत्रू. विदर्भात पारा ४५ अंशांकडे जातो, आणि अंड्याच्या आतलं तापमान ४०–४१ अंशांवर काही तास राहिलं तरी गर्भ मरतो. एप्रिल ते जून पेट्या काढूनच ठेवा. आमच्या मते मैदानी महाराष्ट्रात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. निफाडसारख्या थंडीच्या पट्ट्यात रात्री पिंजऱ्याच्या तीन बाजू गोणपाटाने झाका.

इन्क्युबेटर वापरत असाल तर ३७.३–३७.५ अंश आणि शेवटचे तीन दिवस सोडून ४५–५५ टक्के आर्द्रता ठेवा. कवचाला पहिली चीर पडल्यापासून बाहेर यायला २४ ते ४८ तास लागतात. या काळात घाईने सोलू नका, शिरांतलं रक्त अजून पिल्लात ओढलं जात असतं.

अंडं अडकलेली मादी

हा प्रकार काही तासांत जिवावर बेततो. फुगून तळाला बसलेली, शेपूट वरखाली हलणारी, पायात बळ नसलेली मादी दिसली की तिला वेगळ्या डब्यात ३० अंशांच्या आसपास उबेत, शेजारी गरम पाण्याची वाटी ठेवून हलवा आणि लगेच पक्ष्यांच्या डॉक्टरांना गाठा. त्यांचं कॅल्शियमचं इंजेक्शन बऱ्याचदा पुरतं. पोट दाबून अंडं काढू नका. ते आत फुटलं तर मादी जाते.

पिल्लं दगावतात

पाच अंडी दिवसाआड फुटली तर पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात आठ दिवसांचा फरक पडतो आणि शेवटचं चिरडलं जातं. दोन-तीन जोड्यांना एकदम पेट्या दिल्या तर आकार बघून पिल्लं अदलाबदल करता येतात. रोज संध्याकाळी गळ्याखालची अन्नपिशवी बघा. ती रिकामी असेल तर पिल्लू त्याच रात्री दुसऱ्या जोडीकडे द्या. पाय दोन्हीकडे पसरलेले दिसले तर तळ सपाट किंवा गुळगुळीत आहे. पहिल्या दहा दिवसांत दोन्ही पाय मऊ पट्टीने योग्य अंतरावर बांधले तर बहुधा सुधारतात.

मादी पिल्लांची पिसं उपटत असेल तर ती पुढच्या विणीला निघाली आहे. शेजारी दुसरी पेटी लावा. पण वर्षाला दोनच विणी घ्या, त्यानंतर पेट्या उतरवा. पिल्लं अशक्त आणि फिकट असतील तर रात्री टॉर्च घेऊन पेटीच्या फटी तपासा. लाल गोचीड रात्रीच रक्त पिते. आणि एकापेक्षा जास्त पेट्यांत पिल्लांची पंखांची, शेपटीची पिसं गळू लागली तर पॉलिओमा किंवा पीबीएफडी (पोपटांच्या चोच-पिसांचा रोग) या विषाणूंची चाचणी होईपर्यंत सगळी पैदास थांबवा, पक्षी विकू नका, दुसऱ्याला देऊ नका.

पक्षी निवडतानाच कायदाही बघून घ्या. आपला हिरवा पोपट, पहाडी, तुईया हे देशी पक्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. ते पाळता किंवा वाढवता येत नाहीत. बजी, कॉकटील आणि पीचफेस लव्हबर्ड साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत नाहीत. फिशर मात्र आहे. त्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते आणि जन्मलेली पिल्लंही कळवावी लागतात. वहीतल्या तारखा तिथेही लागतात.